लगची नक्षी पाहून सायकलची चाल कळत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हाताने बनवलेल्या पोलादी रेसिंग सायकलींवर पानभर मजकूर आला. मराठी दैनिकाने या विषयाला रंगीत पान द्यावे, याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्या मजकुरात पहिल्या ओळीपासून एक समजूत गृहीत धरलेली आहे: फ्रेमचे जोड जितके कोरीव आणि रंग जितका निर्मळ, तितकी ती रस्त्यावर मऊ आणि चपळ चालणार. मुंबईत आता अशी फ्रेम मापाने करून घेणारे बरेच भेटतात. एकेका फ्रेमला लाखावर रुपये मोजले जातात आणि मोजताना बहुतेकांची बोटे जोडांवरच्या नक्षीदार लगच्या टोकांवरून फिरत असतात. म्हणून हे सविस्तर पत्र. कारागिरीही मोलाची आणि चालही मोलाची, पण दोन्ही फ्रेममध्ये वेगवेगळ्या जागी असतात आणि दोन्हींची तपासणी वेगळी.

आधी कारागिरी, कारण ती नेमकी कशात असते हेही त्या लेखात आले नाही. लग म्हणजे दोन नळ्या जिथे भेटतात तिथली पोलादी बाही. तिच्या आत एक नळी दुसरीच्या गोलाईला तंतोतंत भिडेल अशी कापून कानसावी लागते. हा काप उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. लग चढली की तो काप कायमचा झाकला जातो आणि म्हणूनच आळस करायचा मोह नेमका तिथे होतो. त्यानंतर नळी आणि लगची आतली बाजू घासून चकचकीत करायची, हाताचे तेलही राहू द्यायचे नाही, फ्लक्स, म्हणजे तापताना पोलादावर ऑक्साइड धरू न देणारा लेप, लावायचा आणि सगळा जोड एकसारखा तापवायचा. 56 टक्के चांदी असलेला डाख, म्हणजे वितळून जोड भरणारा धातू, साधारण 620 ते 650 अंश सेल्सिअसला वितळतो, पितळेसाठी 900 अंशांच्या जवळपास जावे लागते. चांदीसाठीचा फ्लक्स आधी पांढरा फुगतो, मग पाण्यासारखा पातळ होऊन चमकू लागतो. तो क्षण साधायचा असतो. डाखाची तार ज्योतीत धरायची नाही, तापलेल्या पोलादाला टेकवायची. वितळलेली चांदी उष्णतेच्या मागे धावते, त्यामुळे तार एका कडेने द्यायची आणि ज्योत दुसऱ्या कडेला नेऊन चांदी बाहीच्या आतून ओढून घ्यायची. यासाठी नळी आणि लग यांच्यात 0.05 ते 0.1 मिमी एवढीच फट हवी. फट मोठी असेल तर चांदी ती भरत नाही, ओघळून जाते. पितळ असल्या फटी सांभाळून घेते, म्हणून सैल लगमध्ये जाणता कारागीर पितळच वापरतो. उलट नळी हातोडीने ठोकून घट्ट बसवली असेल तर डाखाला आत शिरायला वाटच उरत नाही.

सर्वांत जास्त बिघडते ते बॉटम ब्रॅकेटच्या शेलपाशी, म्हणजे पेडलच्या आसाची यंत्रणा ज्यात बसते त्या नळकांड्यापाशी. शेल जाड, त्यात शिरणाऱ्या चार नळ्या पातळ. नवखा माणूस चारी बाजूंनी ज्योत फिरवतो. शेल तापेपर्यंत नळ्या केव्हाच लालभडक होतात, फ्लक्स जळून काळा पडतो, त्याखाली पोलादावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तिथे डाख चिकटतच नाही. बाहेरच्या कडेला चांदीची सुरेख रेघ दिसते आणि आतली अर्धी बाही कोरडी राहते. ज्योत मुख्यतः शेलवर ठेवावी लागते, नळीला शेवटी नुसती झळ पुरते.

हा दोष रंगाखाली लपतो, पण तो पाहण्याची एक जागा आहे आणि प्रत्येक ग्राहकाने ती पाहावी. फ्रेम घेताना बॉटम ब्रॅकेट बसवलेला नसेल तर उत्तम, असेल तर तो काढायला सांगावे. टॉर्च घेऊन शेलच्या आत बघावे. खालची तिरकी नळी, सीटची नळी आणि मागच्या चाकाकडे जाणारे दोन चेनस्टे अशी चार तोंडे आत दिसतील. प्रत्येक तोंडाभोवती डाखाची अखंड कडी दिसली पाहिजे. डाख बाहेरून दिलेला असतो, तेव्हा आत कडी दिसली याचा अर्थ तो पूर्ण बाही पार करून आला. कडी कुठे तुटली असेल, काळपट ठिगळ असेल, तर तिथे जोड भरलेला नाही. लगवर वेलबुट्टी कितीही सुंदर असो, असली फ्रेम घेऊ नये.

आता त्या वेलबुट्टीबद्दल. लगच्या कडा कानसून पातळ करण्यामागे चांगले कारण आहे. जाड बाही जिथे एकदम संपते तिथे नळीवर ताण एकवटतो, कड निमुळती असेल तर तो हळूहळू उतरतो. लगची लांब टोके त्यातूनच आली. पण हीच नक्षी फ्रेमचा घातही करते. कड पातळ करताना कानस घसरली आणि नळीत 0.1 मिमी खोल ओरखडा पडला, तर 0.9 मिमी जाडीच्या नळीचा नववा हिस्सा गेला, आणि तोही सर्वांत ताणाच्या रेषेवर. तडा बहुधा इथूनच सुरू होतो: हँडलची नळी, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी, तिच्या खालच्या लगमागे, तिरक्या नळीच्या पोटाला, केसासारखी आडवी रेघ आणि तिच्या कडेला गंजाची तांबूस छटा. रंगकाम करण्यापूर्वीचे उघड्या पोलादाचे फोटो मागावेत. ते द्यायला कां-कू करणाऱ्याकडे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळी कुठून कापली, हेही रंगाखाली दिसत नाही. चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने अशा नळीचे पेटंट 1897 साली घेतले. इटलीच्या कोलंबस कंपनीची प्रसिद्ध एसएल नळी टोकांना 0.9 मिमी आणि मध्ये 0.6 मिमी, तर एसपी 1.0 आणि 0.7 मिमी. अनेक नळ्यांत एका टोकाचा जाड भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो, कापायचे ते त्याच टोकाने. आपल्याकडे 48 ते 52 सेंमीच्या फ्रेम बऱ्याच लागतात, म्हणजे नळी जास्त कापली जाते. चुकीच्या टोकाने कापली तर लग जिथे संपते तिथे जाडीही संपलेली असते. अशी फ्रेम पहिल्या दिवशी इतरांसारखीच चालते आणि काही हंगामांनी त्या जागी तडकते.

इतके सगळे मनापासून केल्यावर ग्राहकाला काय मिळते? टिकाऊ, सरळ, पुन्हा दुरुस्त करता येईल अशी फ्रेम. चांदीने जोडलेली नळी तापवून काढता येते, नवी बसवता येते. हा गुण खरोखर मोठा आहे. पण ‘मऊ चाल’ यातून मिळत नाही. त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या नळ्या एकदा लग लावून आणि एकदा लग न वापरता नळ्यांच्या कडाच वितळवणाऱ्या टिग वेल्डिंगने जोडल्या, चाके तीच ठेवली आणि जोड झाकून टाकले, तर चालवणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. इटलीचे फ्रेमकार दारिओ पेगोरेत्ती 2018 साली गेले. ज्या फ्रेमवर त्यांचे नाव जगभर झाले त्या टिग वेल्डिंगच्याच होत्या. लग नाही म्हणजे कारागिरी नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

याच्याही पुढची गोष्ट. 1990च्या दशकात एका अमेरिकी सायकल मासिकाने इटलीचे फ्रेमकार अंतोनियो मोंदोनिको यांच्याकडून सात फ्रेम करून घेतल्या. मापे तीच, रूप तेच, भाग तेच. फक्त कोलंबसच्या नळ्यांचे प्रकार वेगवेगळे, साध्यापासून सर्वांत महागड्यापर्यंत. चालवणाऱ्यांना कोणती नळी कुठल्या फ्रेममध्ये आहे हे सांगितले नव्हते आणि त्यांना ते खात्रीने ओळखताही आले नाही. चाचणी छोटी होती, तिच्यावर विज्ञान उभारू नये. पण नळीवरचा स्टिकर वाचून चालीची वर्णने करणाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी.

असे का होते, याचे कारण पोलादातच आहे. सायकलच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे पोलाद कुठलेही घ्या, साधे क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचे), 1935 सालापासूनचे मँगनीज-मॉलिब्डेनमचे रेनॉल्ड्स 531 किंवा नंतरचे 853, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच, 200 ते 210 गिगापास्कल. महागडे पोलाद मोडायला जास्त बळ लागते, पण वाकायला नाही. त्याचा फायदा एवढाच की नळी पातळ करता येते. ताठपणा ठरवतो तो नळीचा व्यास आणि तिच्या भिंतीची जाडी. भिंत तीच ठेवली तर ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. जुन्या रेसिंग फ्रेमची आडवी नळी 25.4 मिमी व्यासाची. ती 28.6 मिमी केली की ताठपणा सुमारे 43 टक्क्यांनी वाढतो आणि वजन जेमतेम 30 ग्रॅमने. याउलट भिंत 0.9 वरून 0.6 मिमीवर आणली तर त्या भागाचा ताठपणा एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे फ्रेमकाराने आपल्या वजनाला कुठला व्यास निवडला, हा प्रश्न लग इटालियन की जपानी यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

भोर घाटाचे उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे शर्यतीने ‘घाटाचा राजा’ हा किताब घरोघरी पोचवला, त्यामुळे घाट चढण्याबद्दल आपण भरभरून बोलतो. उतरण्याबद्दल बोलतच नाही. सहा फुटी, 85 किलोचा माणूस 60 सेंमीच्या फ्रेमवर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतो. फ्रेम एसएल नळ्यांची, आडवी नळी 25.4 मिमी, मध्ये 0.6 मिमी भिंत. वेग वाढला की हँडल थरथरू लागते आणि काही क्षणांत पुढचा भाग डावा-उजवा असा जोरात हलायला लागतो. लांब, बारीक नळी पिळली जाते आणि पुन्हा सुटते, त्याचा ठेका पुढच्या चाकाच्या डोलण्याशी जुळतो. हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) किंचित सैल असेल किंवा चाक आऊट, म्हणजे वाकडे, असेल तर हे आणखी लवकर सुरू होते. अशा वेळी हँडल करकचून आवळू नये. दोन्ही गुडघ्यांनी आडवी नळी दाबून धरावी, सीटवरचा भार थोडा उचलावा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावावा. कायमचा उपाय फ्रेमच्या मापातच आहे: 28.6 मिमी आडवी नळी, 31.8 मिमी तिरकी नळी आणि जरा जाड भिंत. कोलंबस मोठ्या फ्रेमसाठी आणि वजनदार स्वारासाठी एसपी सुचवत असे ते याचसाठी. तीच एसएल 55 किलोच्या माणसाला 50 सेंमीच्या फ्रेममध्ये छान वाटते. एकीवर जीव धोक्यात आणि दुसरीवर समाधान, लगची नक्षी मात्र दोन्हीकडे सारखी.

आता रस्त्याचे धक्के. त्रिकोणाची फ्रेम उभ्या दिशेने जवळजवळ लवतच नाही, जे काही लवते ते मिलिमीटरच्या अंशात. टायर कित्येक मिलिमीटर दबतो. म्हणजे पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या पुलांचे सांधे अंगाला किती लागणार, हे टायर ठरवतो, त्यानंतर काही प्रमाणात पुढचे चाक धरणारा चिमटा, सीटचा दांडा आणि सीट. 23 मिमीऐवजी 28 मिमी टायर घातला की हवेची जागा जवळपास दीडपट होते. 70 किलोच्या स्वाराला 23 मिमीत शंभराच्या वर पीएसआय हवा भरावी लागते, 28 मिमीत 75 ते 80 पुरते. आपल्या रस्त्यांवर जी ‘पोलादाची जादू’ सांगितली जाते, तिच्यातला मोठा वाटा या हवेचा आहे.

इथेच कारागिरीचा मोह चालीच्या आड येतो. चाक आणि फ्रेम यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी जागा ठेवली की फोटोत फ्रेम फार देखणी दिसते. त्यासाठी 39 ते 49 मिमी पोचीचे, म्हणजे बोल्टपासून ब्रेकच्या पॅडपर्यंत तेवढ्या अंतराचे, ब्रेक धरून फ्रेम बांधली जाते आणि त्यात 25 मिमी टायर कसाबसा बसतो, 28 अनेकदा घासतो. पावसात चिखल अडकून चाक खरवडते ते वेगळेच. 47 ते 57 मिमी पोचीचे ब्रेक धरून तीच फ्रेम बांधली तर 28 मिमी आरामात बसतो, बहुतेक वेळा 30 मिमीसुद्धा. शर्यतीच्या दिवशी हवे तर 25 घालावा, मोकळी जागा कुणाला टोचत नाही. मुंबईत वापरायच्या फ्रेमसाठी फ्रेमकाराला पहिली अट हीच घालावी, आणि ती लिहून घ्यावी.

सायकल वळते कशी, हे कागदावरच ठरलेले असते. हँडलच्या नळीचा कोन आणि चिमट्याचा पुढे झोक, या दोन आकड्यांतून ट्रेल निघतो: वळणाच्या आसाची रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर. 73 अंश कोन, 45 मिमी झोक आणि 336 मिमी त्रिज्येचे चाक असेल तर ट्रेल सुमारे 56 मिमी येतो. रेसिंग सायकलला हा मध्यम आकडा. तेवढाच झोक ठेवून कोन 72 केला की ट्रेल 62 च्या घरात जातो आणि सायकल सरळ रेषेत शांत, पण वळायला जड होते. 74 केला तर 50च्या खाली उतरतो आणि हाताच्या प्रत्येक हालचालीला ती उत्तर देऊ लागते. एका अंशाचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला पहिल्या वळणावर कळतो. म्हणूनच जुन्या पोलादी फ्रेमला कुठलाही कार्बनचा चिमटा लावून देणाऱ्यांपासून सावध राहावे. नवा चिमटा 10 मिमीने उंच असेल तर कोन अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो, झोकही वेगळा असतो, आणि मग ‘फ्रेम बिघडली’ म्हणून दोष पोलादाला दिला जातो.

बुटक्या स्वारांची, विशेषतः स्त्रियांची, तक्रार याच भूमितीत अडकते. पाच फूट दोन इंच उंचीला 700सी, म्हणजे रेसिंग सायकलच्या नेहमीच्या मोठ्या, चाकांची फ्रेम बांधायची तर वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो. ते टाळायला हँडलचा कोन पाडला जातो, सीटची नळी उभी केली जाते, आणि सायकल वळणात जड तर होतेच, मनगटांवर भारही येतो. त्याहून लहान 650बी चाके घेतली तर कोन न बिघडवता हा प्रश्न सुटतो. ते टाळण्याचे कारण बहुधा एकच असते, की छोटी चाके ‘रेसिंगसारखी’ दिसत नाहीत.

याचा अर्थ कारागिरीचा चालीशी संबंधच नाही, असे मात्र नाही. एका ठिकाणी तो थेट आहे: सरळपणा. तापलेला जोड थंड होताना आक्रसतो आणि फ्रेमला ओढतो. चांगला कारागीर जोडांचा क्रम ठरवून, प्रत्येक टप्प्याला सपाट पोलादी पाटावर तपासत जातो. वाईट कारागीर शेवटी एकदाच मुरगाळून सरळ करतो. तपासायला दोरा पुरतो. मागच्या एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून, दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. फरक 1 मिमीच्या आत हवा. मग चेन काढून मागचे चाक उलटे, म्हणजे गिअरची बाजू डावीकडे करून बसवावे. सरळ बसवताना रिम उजवीकडे झुकलेली होती आणि उलट केल्यावरही उजवीकडेच राहिली, तर दोष फ्रेमचा. ती डावीकडे गेली तर चाकाचा आऊट काढायला हवा, फ्रेम निर्दोष आहे. ड्रॉपआउट एकमेकांना समांतर नसतील तर आस वाकडा आवळला जातो आणि मागचे आस पुन्हा पुन्हा मोडतात. हँडलची नळी दोन्ही तोंडांना काटकोनात तासलेली नसेल तर हेडसेट एका जागी जड, दुसऱ्या जागी सैल लागतो. छर्रे कितीही बदलले तरी ते जात नाही, आणि अशी सायकल हात सोडून सरळ चालत नाही. ज्याने वेलबुट्टीला दिलेल्या वेळातला थोडा वेळ या तासणीला दिला, तो खरा कारागीर.

आपल्या लेखात मुंबईच्या हवेचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले. या शहरात पोलादी फ्रेम आतून संपते. डाखकाम झाल्यावर उरलेला फ्लक्स गरम पाण्यात भिजवून पूर्ण काढावा लागतो, कारण तो हवेतले पाणी ओढून घेतो. तो राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात लगच्या कडेला रंगाखाली फोड येतात. लोक रंगाऱ्याला दोष देतात, चूक त्याच्या कितीतरी आधीची असते. बॉटम ब्रॅकेटच्या शेलच्या तळाला 5-6 मिमीचे भोक असलेच पाहिजे, कारण सीटच्या दांड्याजवळून आत गेलेले पाणी तिथेच साठते. पावसाळ्यापूर्वी नळ्यांत ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे, लवकर सुकणारे जवसाचे तेल ओतून, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून, जास्तीचे गाळून दोन दिवस सुकू द्यावे. अॅल्युमिनियमचा सीटचा दांडा पोलादी नळीत घाम आणि खारी हवा यांमुळे अक्षरशः चिकटून बसतो. ग्रीस लावावे आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तो पूर्ण बाहेर काढावा. पावडर कोटिंगच्या भट्टीची भीती बाळगू नये, तिथले 180 ते 200 अंश चांदीच्या डाखाला काहीच करत नाहीत. भीती त्याआधीच्या वाळूच्या फवाऱ्याची बाळगावी. गेट आणि ग्रिलला लावतात तोच फवारा मध्यावर 0.5-0.6 मिमीच्या नळीवर मारला तर नळीच खाल्ली जाते.

कामासाठी बनवलेली सायकल कामावरूनच जोखायची, ही रीत सायकलींच्या इतिहासात आहे. 1930च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रेमकारांच्या स्पर्धा होत, त्यात सायकली डोंगरांतून आणि खराब रस्त्यांवरून चालवून आणल्या जात आणि काय मोडले, काय सैल झाले याचे गुण कापले जात. जपानमध्ये 1948 पासून चालत आलेल्या केरिन या ट्रॅकवरच्या शर्यतीत पुरुष स्वार आजही मान्यताप्राप्त कारागिरांच्या पोलादी फ्रेमच वापरतात, आणि तिथे मान्यता ठरावीक मापांना आणि भागांना मिळते. बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांनी 1972 साली मेक्सिको सिटीत तासाला 49.431 किमीचा विक्रम केला ती इटलीचे फ्रेमकार एर्नेस्तो कोल्नागो यांची सायकल सहा किलोंच्याही आत होती. ती एका तासासाठी आणि गुळगुळीत ट्रॅकसाठी होती, तिच्याकडून कुणी घाट उतरण्याची अपेक्षा केली नाही. आपल्याकडच्या प्रदर्शनांत मात्र सायकली स्टँडवर उभ्या असतात आणि बक्षीस रंगाला जाते.

मुंबईला हे काम परके नाही. वरळीतला हिंद सायकल रोड इथल्या सायकल कारखान्याचे नाव अजून सांगतो. झवेरी बाजारात चांदीच्या डाखाची जाण असलेले हात आहेत, नागदेवीला कानशी आणि मोजमापाची हत्यारे मिळतात. इथले तरुण फ्रेमकार शिकत आहेत आणि त्यांना ग्राहकांकडून योग्य प्रश्न विचारले गेले तर ते योग्य गोष्टींवर मेहनत घेतील. प्रश्न नक्षीचेच आले तर नक्षीच सुधारेल.

म्हणून आपल्याला विनंती. पुढच्या वेळी अशा सायकलचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली इतके तरी द्यावे: फ्रेमचे माप आणि ती किती वजनाच्या स्वारासाठी बांधली, तिन्ही मुख्य नळ्यांचे व्यास आणि भिंती, हँडलच्या नळीचा कोन, चिमट्याचा झोक, ट्रेल, ब्रेकची पोच आणि त्यात बसणारा सर्वांत रुंद टायर. दोन ओळींची जागा लागेल. आणि जमल्यास बॉटम ब्रॅकेटच्या शेलच्या आतला एक फोटो, रंग देण्याआधी काढलेला.

आपला,
फ्रेमकामातला एक वाचक
लालबाग, मुंबई